ग्रहणाचा डाग आणि बंद यंत्र : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी पहाटेची एसटी धरून मी मुलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात घेऊन गेले, तेव्हा लेसरच्या खोलीवर चौदा महिन्यांपूर्वीचाच कागद चिकटलेला होता : 'मशीन बंद आहे.' मार्चअखेर यंत्र सुरू होईल, असे याच रुग्णालयाने मला सही-शिक्क्यानिशी लिहून दिले होते. कोणत्या वर्षीचा मार्च, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

माझ्या मुलीच्या डाव्या डोळ्याभोवती, कपाळापासून गालापर्यंत, निळसर करडा डाग आहे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातही ती निळाई उतरली आहे. डॉक्टर याला 'नीव्हस ऑफ ओटा' म्हणतात. ओटा या जपानी डॉक्टरांनी 1939 मध्ये त्याचे वर्णन केले. आमच्या गावात मात्र हा ग्रहणाचा डाग आहे. 15 जानेवारी 2010 रोजी किंक्रांत, अमावस्या आणि सूर्यग्रहण एकाच दिवशी आले, मी गरोदर होते, आणि घरात सहा माणसे जेवायची असल्यामुळे मी दुपारी वांगी चिरली. त्या वांग्यांचा हिशेब मी आजतागायत देते आहे. बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून आधी माझ्याकडे पाहिले. सासूबाईंनी शेवटच्या आजारपणातही तो विषय सोडला नाही. रंगपेशी त्वचेच्या खोल थरात अडकून राहिल्याने असा डाग होतो, त्याचा विळीशी काही संबंध नाही, हे मला एका तरुण निवासी डॉक्टरने पहिल्यांदा सांगितले, तेव्हा मी ओपीडीतच रडले. हे आपल्या खात्याच्या अखत्यारीत येत नाही, पण लिहून ठेवते.

अखत्यारीत येते ते असे. क्यू-स्विच्ड लेसरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच पडतो, वरची कातडी न जाळता खोलवरचे रंगद्रव्य फोडतो, आणि फुटलेले कण शरीर स्वतःच सावकाश वाहून नेते. म्हणून दोन सिटिंगमध्ये दोन-तीन महिने थांबावे लागते आणि अशी अनेक सिटिंग लागतात. पापणीखाली धातूचे कवच घालून मुलीने तीन सोसली. कपाळावरचा डाग निम्मा उतरला, गालावरचा तसाच राहिला, आणि पुढचा उपचार आमच्या तालुक्याच्या रस्त्यासारखा अर्ध्यावर थांबला. दहावीच्या अर्जासाठी फोटो काढताना स्टुडिओवाल्याने न विचारताच संगणकावर तो डाग पुसून टाकला. परीक्षा केंद्रावर पर्यवेक्षकांनी तो फोटो आणि तिचा चेहरा सगळ्या वर्गासमोर तीनदा ताडून पाहिला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आहे, आणि 1356 उपचारांची यादी आता दोन हजारांच्या पुढे नेल्याचेही वाचले. अभिनंदन. त्या यादीतून काही होते का हे विचारायला गेले, तर खिडकीमागच्या गृहस्थांनी मुलीकडे न पाहता 'हे सौंदर्योपचारात येते' असे सांगून पुढच्या माणसाला बोलावले. मी अंगणवाडी सेविका आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरातून सुरू झाला, आणि त्याच्या तपासणी पथकापुढे मुले उभी करण्याचे काम माझेच आहे. त्यांच्या यादीतल्या नऊ जन्मजात दोषांमध्ये दुभंगलेला ओठ आहे, आणि तो असायलाच हवा. तो शिवण्याला कोणी सौंदर्योपचार म्हणत नाही. मग त्याच चेहऱ्यावर चार बोटे वर असलेला जन्मजात दोष एकदम शृंगार कसा होतो? शिवाय या डागासोबत काचबिंदूचा धोका असतो, डोळ्यातला दाब वेळोवेळी तपासावा लागतो. काचबिंदूही नटण्यामुरडण्यात धरायचा काय? ज्या जपानी डॉक्टरांचे नाव या डागाला आहे, त्यांच्या देशात आरोग्य विमा या लेसरचा खर्च उचलतो.

खासगी दवाखान्यात एका सिटिंगला सात हजार सांगितले. तेथे याच जातीचे यंत्र टॅटू काढायला आणि लग्नाआधीच्या कार्बन फेशियलला रविवारीही चालू असते. सरकारी यंत्र कोणी वीस लाखांचे सांगतो, कोणी चाळीस. किंमत काही असो, ते विकत घेताना फीत कापायला माणसे मिळतात आणि देखभालीच्या कराराची फाइल पुढे सरकवायला एकही मिळत नाही. महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याची, आमची नव्हेत, हे उत्तर आपण देऊ नये. ते मला आधीच तीन ठिकाणी मिळाले आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, पण तेथे हे लेसर नाही. आणि जेथे आहे तेथे खाते दुसरे. डाग उठताना त्याला खाते कोणी विचारले नव्हते.

यंत्र दुरुस्त करावे, आणि चेहऱ्यावरच्या अशा जन्मखुणांना सौंदर्योपचाराच्या रकान्यातून बाहेर काढावे, एवढेच मागते. यंत्र सुरू झालेच, तर आम्हाला पुन्हा नवा केसपेपर काढायला लावू नये. जुना माझ्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे आणि त्यावर तिन्ही सिटिंगच्या तारखा आहेत.

कळावे,
एका दहावीतल्या मुलीची आई