जुनं रिव्हॉल्व्हर अडलं की आधी कानस नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निवडणूक संपली की लोक त्यासाठी पोलिस ठाण्यात जमा केलेली लायसन्सची शस्त्रं परत आणतात आणि मग थोड्या दिवसांत माझा फोन वाजायला लागतो, "काका, रिव्हॉल्व्हर अडकतंय हो, घोडा ओढला तरी सिलिंडर पूर्ण फिरत नाय." मी पोलिस खात्यात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल बघणारा, होतो, आता रिटायर आहे. रिपेअरिंगचं लायसन्स माझ्याकडे नाही त्यामुळे मी पाना-स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही, फक्त बघून काय झालं असेल ते सांगतो. पण या फोनांमधून एक गोष्ट सारखी दिसते, लोक आधी रिव्हॉल्व्हर घेऊन जवळच्या लेथवाल्याकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे जातात आणि तिथं जो सत्यानाश होतो तो नंतर कुणालाच निस्तरता येत नाही, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे लायसन्सवर जी जुनी रिव्हॉल्व्हरं आहेत त्यात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीची .३२ बोअरची भरपूर. तिचा मूळ साचा विलायती वेब्ले मार्क ४ रिव्हॉल्व्हरचा, म्हणजे वरचा लॅच दाबला की नळी बिजागरीवर पुढं खाली झुकते आणि स्टार, म्हणजे सिलिंडरच्या मागची चांदणीसारखी चकती, उचलली जाऊन रिकामी काडतुसं आपोआप वर येतात. काही घरांत आजोबांच्या काळातली खरीखुरी विलायती वेब्ले पण आहेत. मशीन दणकट आहे, पण आत सगळं एकमेकांवर अवलंबून. घोडा, म्हणजे चाप नव्हे तर मागचा हातोडा, मागं ओढला की पॉल नावाचा छोटासा हात वर सरकतो, स्टारच्या मागं जे दाते आहेत त्यातल्या एकाला ढकलतो, सिलिंडर, म्हणजे काडतुसांची सहा घरं (चेंबर) असलेला फिरता गोल, एक घर पुढं फिरतं आणि बरोबर नळीसमोर आलं की खालून स्टॉप खाचेत बसून ते लॉक करतो. हे शेवटचं लॉक होणं महत्त्वाचं. ते नीट झालं नाही आणि तरी बार निघाला तर गोळी नळीच्या तोंडाशी घासते, शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभा असेल त्याच्या तोंडावर.

आता तपासायचं कसं. आधी रिव्हॉल्व्हर उघडून सहाच्या सहा चेंबर रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, बोटानंही चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, यात हयगय नको. मग सिलिंडरवर बोटाचा अगदी हलका दाब ठेवून घोडा सावकाश ओढायचा, आणि सिलिंडर लॉक झाल्याचा टक आवाज घोडा पूर्ण मागं जायच्या आत येतो का ते बघायचं. सगळ्या चेंबरला असंच करायचं. नंतर घोडा अंगठ्यानं धरून हळू खाली सोडायचा, रिकाम्यावर फटाफट चाप ओढू नका, जुन्या मॉडेलात फायरिंग पिन घोड्याच्या नाकावरच असते आणि ती तुटते. सहाही चेंबर अर्धवट राहत असतील तर पॉल झिजलाय किंवा त्याची कमान मेलीय. एकाच चेंबरला राहत असेल तर दोष बहुधा पॉलचा नाही, कारण पॉल सगळ्यांना एकच आहे, मग त्या एका दात्याकडे नाहीतर स्टारखाली बघायचं. एवढा साधा हिशोब आहे पण कोण करत नाही.

आमच्या भागातल्या एका बागायतदाराचं उदाहरण सांगतो. एका ठिकाणी आलं की सिलिंडर जाम. एका वर्कशॉपवाल्यानं बघितलं आणि म्हणाला पॉल गेला, त्याच्या टोकावर वेल्डिंगचा ठिपका मारून कानसीनं घासून देतो, दोनशे रुपयात काम. नशीब त्यांनी आधी फोन केला. मी त्यांना फक्त स्टार वर उचलून खाली टॉर्च मारायला सांगितलं. खाली खोबरेल तेल वाळून तपकिरी गोंद झालेला आणि त्यात न जळलेल्या दारूचा दाणा अडकलेला. स्टार एका बाजूनं केसभर वर उचललेला राहत होता आणि ती बाजू मागच्या प्लेटवर घासत होती, बास, एवढाच आजार. शहरातल्या लायसन्सवाल्या गनस्मिथनं, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं, साफ करून दिलं. तिथंच दुसरं दुखणं पण सापडलं, मधूनमधून बार निघायचा नाही, काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, जिच्यावर घोड्याचा ठोका बसून बार पेटतो, तिच्यावर खड्डा पडायचा पण उथळ. त्यातलं निम्मं कारण परत तेच वाळलेलं तेल, घोडा जड चालत होता, आणि निम्मं म्हणजे आधी कधीतरी कुणीतरी चाप हलका करायला मेन स्प्रिंग घासून पातळ केलेली. स्प्रिंग नवीन टाकली, काडतुसाच्या रिकाम्या केसमध्ये (पितळी खोळीत) नुसत्या टोप्या बसवून चेक केलं, मग विषय संपला.

टोपीवरची खूण मी नेहमी आधी बघायला मागतो. उथळ पण मध्यावर असेल तर घोडा-स्प्रिंग बघा. एका कडेला सरकलेली असेल तर सिलिंडर जागेवर येत नाहीये. आणि नळीचा लॅच बंद करून नळी वर-खाली हलवून बघा, खडखड वाजत असेल तर लॅच किंवा बिजागरीची पिन झिजलीय, ते रिव्हॉल्व्हर तज्ज्ञाला दाखवेपर्यंत अजिबात वापरू नका. काडतूस पण तपासा, लोक कुलपाला मारायचा स्प्रे सिलिंडरमध्ये मारतात, तो टोपीत शिरला की काडतूस मेलं, मग दोष रिव्हॉल्व्हरला. चामड्याच्या कव्हरात वर्षानुवर्षं ठेवलं तर चामडं दमट हवा धरून ठेवतं, आमच्याकडं कमी पण कोकणातली शस्त्रं बघा, गंज पोटात शिरलेला असतो आणि केसवर हिरवा थर.

वेल्डिंगवाल्या मंडळींना पण सांगायचंय. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे विनापरवाना शस्त्र दुरुस्त करणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. दोनशे रुपयांसाठी एवढं? पण दुसरी बाजू पण खरी आहे, लायसन्सवाला चांगला गनस्मिथ तालुक्याला सोडा, कित्येकांना जिल्ह्यात पण सापडत नाही, जे जुने होते ते म्हातारे झाले आणि पोरं त्या धंद्यात आली नाहीत. माणूस जाणार कुठं?

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, म्हणजे ज्यांना जमा करायची नोटीस आली त्यांची शस्त्रं एका वर्षात दोनदा कपाटात जाऊन पडली, त्यातही उन्हाळ्यातली जमा ठेवायची मुदत संपता संपता पाऊस आला. जमा करण्याला माझा विरोध नाही, आयुष्य त्याच खात्यात गेलं. मागणी एवढीच की जमा करताना मालकाला शस्त्र पुसून, गनऑइलचा पातळ हात देऊन, तेलकट कागदात गुंडाळून द्यायला दहा मिनिटं द्यावीत आणि पावतीवर शस्त्राची हालत लिहावी, सिलिंडर फिरतं का, गंज आहे का, एवढं दोन ओळीत, म्हणजे परत घेताना वाद नको. आणि लायसन्स रिन्यू करताना कागदांबरोबर शस्त्र पण मुख्यालयातल्या आर्मोररनं तपासावं, नाहीतर कागद चकाचक आणि नळी खडखडतेय असे नमुने फिरतच राहणार. रिपेअरिंगचं लायसन्स मागणाऱ्या तरुण फिटर पोरांचे अर्ज पण जिल्हाधिकारी कार्यालयानं जरा लवकर बघावेत, पडताळणी कडक करा, पण उत्तर तरी द्या.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर, जि. सांगली