भाजीचं पाणी मोरीत ओतू नकोस

नाशिक
श्रावण

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की आता तेल बंद, फोडणी बंद. सगळ्या भाज्या कुकरमध्ये भरपूर पाण्यात चार शिट्ट्या करून, पाणी ओतून खायच्या. हिमोग्लोबिन कमी आल्यापासून तू जेवणाकडे लक्ष देते आहेस, याचं आईला आणि मला फार बरं वाटतं. पण या रीतीत ज्यासाठी भाजी खायची त्यातलंच पुष्कळसं मोरीत जातं. घाईत सांगण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून लिहितो.

रक्त भरून यायला लोह लागतं, तसंच फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्वही लागतं. त्याची हकिकत आपल्या मुंबईतलीच आहे. 1928 मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना रक्त कमी होण्याचा एक विशिष्ट पंडुरोग होत होता, त्याचा त्यांनी माग काढला. यीस्टच्या अर्कात असलेल्या कशाने तरी तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये छापून प्रसिद्ध केलं. ते द्रव्य म्हणजे फोलेट; पुढे 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळं काढण्यात आलं. म्हणजे ज्या पालेभाजीला तू चार शिट्ट्या देणार आहेस, तिच्यातच ते असतं. आणि ते पाण्यात विरघळतं, उष्णतेनेही नासतं. क जीवनसत्त्वाचंही तसंच, किंबहुना ते जास्तच नाजूक. कापलेल्या भाजीला हवा लागली तरी ते कमी होऊ लागतं.

लोहाचं वेगळं. लोह, पोटॅशियम ही खनिजं आचेने नष्ट होत नाहीत. पण पोटॅशियम उकळत्या पाण्यात पुष्कळ उतरतं आणि पाणी ओतलं की गेलं. भाजीतलं लोह शरीर मुळातच थोडं शोषून घेतं, आणि ते शोषलं जायला क जीवनसत्त्वाची मदत लागते. बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह हवं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं 2020 चं मान सांगतं. एवढं मिळवायचं तर ही मदत वाया घालवून कसं चालेल?

तेव्हा मेथी, चवळई, शेवग्याचा पाला आधी निवडून धू, मग चीर. चिरल्यावर पाण्यात भिजत ठेवू नकोस. कढईत लसणाची फोडणी कर, भाजी टाक, पानांना लागलेल्या पाण्यातच झाकण ठेवून चार-पाच मिनिटं. बास. गॅस बंद केल्यावर लिंबू पिळ. जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, त्यातली टॅनिनं लोह अडवतात. निदान तासभर जाऊ दे. खायचा सोडा तर हिरव्या रंगासाठीसुद्धा घालू नकोस. रंग टिकतो, पण क आणि ब1 जीवनसत्त्वं मारली जातात.

तेल पूर्ण सोडू नकोस, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. गाजर, लाल भोपळा आणि पालेभाज्यांतलाही कॅरोटीन हा रंग तेलातच विरघळतो. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. कच्च्या गाजरात तो पेशींच्या भिंतींआड अडकलेला असतो. शिजवलं की भिंती सैल होतात आणि चमचाभर तेलाबरोबर तो आतड्यात शोषला जातो. टोमॅटोचं तेच. पिंपळगावच्या बाजारातून क्रेटच्या क्रेट भरून जो टोमॅटो बाहेर जातो, त्यातलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य कच्च्या फोडींपेक्षा तेलात परतलेल्या टोमॅटोतून जास्त मिळतं. म्हणजे आचेने एक गोष्ट कमी होते तेव्हा दुसरी हाती लागते. म्हणूनच सगळ्या भाज्यांना एक नियम लावणं मला पटत नाही.

पाणी फेकायचंच असेल तर ते पालकाचं. त्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्याचेच खडे होतात. तुझ्या आत्याला मूतखड्याचा त्रास आहे. तिला मी पालक उकळून पाणी टाकायला सांगतो, आणि तिच्या बाबतीत तेच योग्य आहे. अळूतही ऑक्झॅलेटच, म्हणून तर घशाला खाजू नये यासाठी आपण चिंच घालून ते नीट शिजवतो. जूनमध्ये पेठ-हरसूलकडच्या बाया शेवळं ही रानभाजी विकायला आणतात, तेव्हा सोबत काकडं ही आंबट रानफळंही देतात, तेही त्याचसाठी. काल बुधवारच्या बाजाराला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, गेलो होतो, तर करटोली आली होती. ती नुसत्या कांद्यावर परतली की पुरे.

कोबी चिरून दहा मिनिटं तसाच ठेव, लसूणही ठेचून तेवढाच वेळ. चिरल्यावर त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) कामाला लागतात आणि उपयोगी गंधकयुक्त द्रव्यं तयार करतात. लगेच तापवलं तर विकरंच निकामी होतात.

कुकरला मी वाईट म्हणत नाही. आत तापमान जास्त असलं तरी वेळ थोडा लागतो, हवाही लागत नाही. फक्त पाणी बेताचं घाल, शिट्टी एकच कर आणि उरलेलं पाणी आमटीत ढकल. रविवारी करून ठेवलेली भाजी बुधवारपर्यंत गरम करत राहण्यापेक्षा मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये ठेव. मोड येताना तिच्यात क जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह अडवणारं फायटेट कमी होतं. कामावरून दमून आलीस तरी कांदा-टोमॅटो घालून उसळ लवकर होते.

तुझी मावसबहीण पुढच्या आठवड्यात बंगळूरला येते आहे. तिच्याबरोबर लोखंडी कढई पाठवतो. तिच्यात टोमॅटोसारखं आंबट शिजवलं की थोडं लोह भाजीत उतरतं. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर काळी पडते आणि चवही बिघडते. घासून कोरडी कर, तेलाचा हात लाव. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेव, भाजी त्यांच्या जागी नाही. पुढच्या तपासणीचा आकडा आला की मला आधी कळव.

तुझा,
बाबा