स्कीची जोडी घेतली, त्याविषयी

इन्सब्रुक, ऑस्ट्रिया, १० मार्च

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवलेली, बर्फावरून घसरत उतरायच्या स्कीची जोडी आईने पाहिली आणि "हे काय नवीन आणलंस, कितीला पडलं?" असे विचारले, तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. ते दोन दिवस मनाला लागून राहिले आहे, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्याऐवजी सविस्तर लिहीत आहे. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवणखाण वेळेवर होते आणि प्राजक्ताने पाठवलेली कुकरची रिंग बरोबर बसली. कामाचे तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी किंमत सांगते, म्हणजे पुढचे आईला शांतपणे वाचता येईल. बूट पकडून ठेवणाऱ्या बाइंडिंगसह ४२० युरो लागले, म्हणजे आपले चाळीस हजारांहून थोडे जास्त. जोडी गेल्या हंगामातली आहे, म्हणून सवलतीत मिळाली. या वर्षीची घेतली असती तर ६०० युरोंच्या पुढे गेली असती. भाड्याने घ्यावी तर दिवसाला ३५ ते ४० युरो पडतात आणि या हिवाळ्यात मी नऊ वेळा भाडे भरले, म्हणजे तीनशे युरोंहून अधिक रक्कम गेली आणि हाती काहीच उरले नाही. हा हिशेब मी वहीत मांडून, दोन आठवडे विचार करून मगच दुकानात गेले, एवढे खरे माना.

मुळात या फंदात पडावेच कशाला, असे बाबा म्हणतील. बाबा, येथे रविवारी सगळी दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात आणि नोव्हेंबरपासून दुपारी साडेचार-पाचलाच अंधारून येते. पहिल्या हिवाळ्यात मी रविवारी खोलीत बसून तुमच्या फोनची वाट पाहत असे, आणि फोन आला की आवाज मुद्दाम मोठा करून बोलत असे. या वर्षी प्रयोगशाळेतल्या तिघी-चौघींनी मला सोबत न्यायला सुरुवात केली. सकाळच्या बसने वर जायचे, दिवसभर उन्हात राहायचे आणि संध्याकाळी दमून झोपायचे. त्यामुळे माझे रविवार सरतात. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण तुम्हाला कळायला हवे.

आम्ही बहुतेक वेळा आक्सामर लिझुम या ठिकाणी जातो. १९६४ आणि १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्कीच्या बहुतेक शर्यती तेथेच झाल्या होत्या. लिफ्ट जेथे सुरू होते ती जागा साधारण आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे, आणि तेथून वर २३४० मीटरपर्यंत जाता येते. जोडी निवडताना एवढा खल का करावा लागला, ते या डोंगरावर एक दिवस काढल्याशिवाय कळत नाही. रात्री गोठलेला बर्फ सकाळी नऊला घोटलेल्या फरशीसारखा टणक असतो. यंत्राने फवारलेला कृत्रिम बर्फ तर त्याहूनही घट्ट बसतो. अकरा वाजता उन्हाकडच्या उतारावर वरचा थर सुटू लागतो आणि त्याचे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे दाणे होतात. ती वेळ सगळ्यांत सुखाची. दोनपर्यंत त्याचाच जड लगदा होऊन माणसांच्या येण्याजाण्याने जागोजागी ढिगारे साठतात, तर सावलीतला उतार तेव्हाही कडकच असतो. त्यातच कधी दक्षिणेकडून फॉन नावाचा उष्ण, कोरडा वारा सुटतो आणि चार तासांत थंडी पळवून लावतो. आणि ज्या दिवशी रात्रभर बर्फ पडलेला असतो, त्या दिवशी सकाळी परातीतल्या ज्वारीच्या पिठात पाय घालावा तसा पाय आत जातो. हे सगळे एकाच डोंगरावर होते, पुष्कळदा एकाच दिवसात, आणि मला परवडणार होती एकच जोडी.

दुकानात भिंतभर स्की उभ्या होत्या. विक्रेत्याने रंगाकडे न पाहता आधी मधली रुंदी पाहायला सांगितले. स्की टोकाला आणि शेपटीला रुंद व मध्ये अरुंद असते, आणि त्या अरुंद भागाला येथे कंबर म्हणतात. सत्तर मिलिमीटरच्या आसपासची कंबर गुळगुळीत केलेल्या कडक उतारासाठी, शंभराच्या आसपासची खोल, मऊ बर्फासाठी, आणि ऐंशी ते नव्वद यांमधली सगळीकडे चालणारी. तिला ऑल-माउंटन म्हणतात. त्या दुकानात चाचणीसाठी जोड्या नेता येत होत्या आणि पुढे खरेदी केली तर ते भाडे किमतीतून वजा होत होते, म्हणून मी एका शनिवारी आळीपाळीने तीन जोड्या घेऊन गेले.

७२ मिलिमीटरची जोडी सकाळी अप्रतिम चालली. टणक बर्फावर ती रुळावरून गेल्यासारखी वळत होती आणि मला वाटले, हीच घ्यावी. पण दुपारी लगद्याच्या ढिगाऱ्यात तिचे टोक खाली गेले, ती जागच्या जागी थबकली आणि माझे शरीर पुढे गेले. १०० मिलिमीटरची जोडी त्याच ढिगाऱ्यांवरून होडीसारखी तरली, मात्र सावलीतल्या कडक उतारावर ती थरथरू लागली; एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला इतका वेळ लागे की तासाभरात गुडघ्यांच्या आतल्या बाजू दुखू लागल्या. ८४ मिलिमीटरची जोडी यांतल्या कोणत्याच कामात पहिली आली नाही. पण दुपारी साडेतीनला, पाय थकलेले असताना, वरपासून खालपर्यंत सावली, ऊन, ढिगारे आणि शेवटचा गोठलेला पट्टा असे सगळे पार करून मी एकदाही न थांबता तिच्यावरून उतरले. माझे मन तेथेच ठरले.

बाबा, आता तुमच्यासाठी आतली रचना लिहिते. स्कीच्या पोटात लाकूड असते, हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. माझ्या जोडीत पॉप्लर आणि बीच यांच्या पट्ट्या उभ्या चिकटवलेल्या आहेत, वर-खाली काचतंतूचे थर आहेत आणि दोन्ही कडांना पोलादाची पट्टी आहे. महाग जोड्यांत लांबीभर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन पत्रे असतात. ते कंप शोषून घेतात आणि वेगात स्की स्थिर ठेवतात, पण त्यामुळे स्की जड आणि ताठ होते. ती वाकवायला वजन आणि वेग दोन्ही हवेत, आणि माझे वजन ५८ किलो. मी पायाखालच्या भागापुरताच पत्रा असलेली घेतली. विक्रेता दोन पत्र्यांची घ्या म्हणत होता, मी ऐकले नाही आणि ते बरेच झाले. बाजूने पाहिले तर मधला भाग धनुष्यासारखा किंचित उचललेला आहे. वर उभे राहिले की तो दबतो आणि पूर्ण कड बर्फात रुतते. टोक मात्र लवकर वर उचललेले आहे, म्हणून मऊ बर्फात ते खुपसत नाही. लांबी १५८ सेंटिमीटर, म्हणजे उभी केली की माझ्या भुवयांपर्यंत येते. माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या पाचरकोफेल डोंगरावर १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या फ्रान्स क्लामरने वेगाने उतरण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा असल्या शर्यतींत दोन मीटरहून लांब, जवळजवळ सरळ स्की वापरत असत. आखूड आणि कंबर असलेल्या स्की १९९० च्या दशकात रुळल्या आणि त्यामुळेच माझ्यासारखीला तिशीत शिकता आले.

धार पाहायची पद्धत तर तुमचीच निघाली. दुकानातल्या कारागिराने अंगठ्याचे नख पोलादी कडेवर आडवे ओढले आणि नखावर पांढरा भुगा आलेला मला दाखवला. एमआयडीसीतून आल्यावर तुम्ही छिन्नीची धार अशीच पाहत होता आणि आई ओरडत होती. त्या दुकानात उभे असताना डोळ्यांत पाणी आले. कडेचा कोन ८८ अंशांचा ठेवला आहे. बहुतेक स्कींना डावी-उजवी असा भेद नसतो, त्यामुळे आतली कड झिजली की पाय बदलून घालता येतात.

आता तुमच्या काळजीविषयी. आई, "हाडे मोडून घेशील" हे तू तीनदा म्हणालीस, म्हणून एक गोष्ट कबूल करते. जानेवारीत माझे डावे मनगट मुरगळले होते. भाड्याची जोडी होती, धार गेलेली, आणि सकाळच्या कडक उतारावर ती सटकली. हाड मोडले नव्हते, आठ दिवस पट्टा बांधला होता आणि त्या आठवड्यात कॅमेरा बंद ठेवून मी "नेट नीट नाही" असे सांगितले. ते चुकले. पण त्या पडण्यामुळेच स्वतःची, धार राखलेली जोडी असावी हे मला पटले, हेही तितकेच खरे आहे. बुटाला धरून ठेवणारे जे बाइंडिंग असते, ते ठरावीक ताण आला की पाय सोडून देते. किती ताणाला सोडायचे तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि चालवण्याची पातळी यांवरून काढतात. माझा ४.५ आला, तो यंत्रावर तपासून घेतला आहे आणि त्याचा छापील कागद माझ्याकडे आहे. दर वर्षी हंगामाआधी तो पुन्हा तपासून घेईन. बूट मी डिसेंबरमध्येच घेतले होते, तेही सांगायचे राहिले. बूट पायाला घट्ट बसणारे नसतील तर कितीही चांगली स्की ऐकत नाही, असे येथे सगळेच सांगतात. हेल्मेट असतेच. टीव्हीवर दाखवतात ते हिमस्खलन बहुधा आखलेल्या उतारांबाहेर जाणाऱ्यांच्या वाट्याला येते. येथे रोज एक ते पाच असा धोक्याचा आकडा जाहीर होतो आणि मी आखलेल्या, उघड्या ठेवलेल्या उतारांबाहेर पाऊल टाकत नाही. जोडी बाहेरही चालणारी आहे म्हणून मी बाहेर जाईन, असे मुळीच समजू नका.

येथली एक रीत मात्र मला अजून पुरती उमगलेली नाही. डोंगरावर लाकडी उपाहारगृहे असतात आणि जेवायला आत जाताना सगळे लोक आपल्या स्की बाहेर उभ्या करून जातात. पन्नास-साठ हजारांच्या शेकडो जोड्या, कुलूप नाही, बिल्ला नाही, पहारेकरी नाही. त्यातून काहीजण आपली जोडी मुद्दाम फोडतात, म्हणजे एक स्की या टोकाला आणि दुसरी पार त्या टोकाला ठेवतात. पहिल्यांदा मला वाटले की कुणाची तरी चुकून विलग झाली आहे, म्हणून मी दोन्ही शोधून शेजारी शेजारी नीट उभ्या करून दिल्या. माझी मैत्रीण लगबगीने आली आणि तिने त्या पुन्हा वेगळ्या केल्या. मग तिने समजावले की एकट्या स्कीचा चोराला उपयोग नसतो आणि दुसरी शोधत बसायला त्याला सवड नसते. दोघी असलो तर तिची एक आणि माझी एक अशी जोडी लावायची, उरलेल्या दोन दुसरीकडे. म्हणजे उघड्यावर सोडून जाण्याइतका विश्वास आहे, आणि वेगळ्या ठेवण्याइतका संशयही आहे, आणि हे दोन्ही एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदते. मी हे कितीदा विचारले तरी त्यांना त्यात विचारण्यासारखे काही वाटत नाही. मग आठवले, पालीच्या खंडोबाला गेल्यावर आई एक चप्पल पायरीच्या या बाजूला आणि दुसरी झाडाखाली काढून ठेवते. आई, तुला येथे कुणी काही शिकवावे लागणार नाही.

आता पैशांचे. ५ एप्रिलच्या आत साठ हजार रुपये बाबांच्या खात्यात येतील, ते प्राजक्ताच्या लग्नाच्या कार्यालयाच्या उरलेल्या रकमेसाठी वापरा. हे चाळीस हजारही त्यात घालता आले असते, हे मला कळते. दुकानात कार्ड पुढे करताना ते डोळ्यांसमोर होते. जूनपासून दरमहा थोडे वाढवून पाठवीन आणि पुढच्या हिवाळ्यात या छंदावर लिफ्टच्या तिकिटांपलीकडे खर्च करणार नाही. रजा मंजूर झाली आहे. २ मेला पोहोचते आणि १५ ला परत निघते, म्हणजे हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सगळे मिळेल. केळवणांना मात्र मी नसणार, प्राजक्ताने राग धरू नये. थोरलीच्या आधी धाकटीचे कसे, असे कुणी विचारले तर थोरलीनेच आग्रह धरला असे सांगा, कारण ते खरे आहे. पुण्याच्या स्थळाविषयी आईने लिहिले आहे. मे महिन्यात मी त्यांना भेटेन. नाही म्हणत नाही, परंतु येथले काम अजून दोन वर्षांचे आहे, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

बाबांनी गुडघ्याचे तेल रोज लावावे. प्राजक्ताला आशीर्वाद. कळावे.

आपली,
वैशाली

ता. क. बाबा, तुमच्या पेटीत निळ्या मुठीची, बारीक दातांची चपटी कानस होती ती अजून असेल तर गंज काढून, तेल लावून ठेवा. येथे तशी कानस महाग मिळते आणि हातात नीट बसत नाही. मी मे महिन्यात ती सोबत आणीन, पण त्याआधी कड घासताना हात कोणत्या बाजूने ओढायचा ते मला एकदा दाखवा.