पिसाचा नंबर नको, प्रश्न वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिसाचा, म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी मुलांच्या वाचन, गणित, विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा, विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात, एक तर आपण तळाला गेलो म्हणून रडायचं नाहीतर प्रश्नच परदेशी होते म्हणून हात झटकायचे. 2009 च्या फेरीत आपल्याकडून फक्त तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश होते, 74 देश-प्रदेशांत दोघंही किर्गिझस्तानच्या जोडीला अगदी खाली, आणि त्यानंतर आपण परत बसलोच नाही!

मी गणित शिकवते म्हणून सांगते, पिसाचा एक जुना प्रश्न असा आहे की माउंट फुजी 1 जुलै ते 27 ऑगस्ट खुला असतो, तेवढ्यात साधारण 2 लाख लोक चढतात, तर रोज अंदाजे किती? नववीच्या पोरांना दिला तर बरीच अडली. मग फुजी काढून कळसूबाई टाकलं, तरी तीच पोरं तिथेच अडली, कारण 31 आणि 27 मिळून 58 दिवस होतात हे कुणी सांगितल्याशिवाय त्यांना भागाकार सुरूच करता येईना. म्हणजे अडचण परकेपणाची कमी आणि सवयीची जास्त.

पण म्हणून तो नंबर डोक्यावर घेऊन नाचायचं कारणही नाही. ही परीक्षा 15 वर्षांच्या आणि शाळेत असलेल्याच मुलांची असते, शाळा सुटलेलं पोर त्यात येतच नाही. 2012 ला व्हिएतनामचं फार कौतुक झालं पण त्यांची त्या वयाची जवळपास 44 टक्के मुलं त्या मोजणीच्या बाहेरच होती, आणि शांघाय पहिलं आलं तेव्हा बाहेरगावाहून आलेल्या मजुरांच्या मुलांचं काय यावर बराच वाद झाला. फिनलंड 2000 ला वाचनात पहिला होता, नंतर घसरत गेला, आपण मात्र अजून फिनलंड फिनलंड करतोय.

खरा उपयोग जर्मनीने केला. 2001 मध्ये निकाल आला तेव्हा तिथे मोठा धक्का बसला, पण मुख्य म्हणजे गरीब आणि स्थलांतरित घरातली मुलं किती मागे पडतात ते आकड्यात दिसलं आणि मग पूर्ण दिवसाच्या शाळा वाढवल्या.

आपणही बसावं, सरकारी आणि खाजगी, गाव आणि शहर असा फरक करून निकाल उघड करावा, आणि जाहीर झालेले प्रश्न मराठीत करून प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत पाठवावेत, त्यासाठी पुढच्या फेरीची वाट बघायची गरज नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका, अकोले