मल्टिप्लाय म्हणजे घड्या घालणं

संपादक महोदय,

माझा नातू तिसरीत आहे, सेमी इंग्रजीला. परवा गृहपाठ करताना विचारतो, आजी मल्टिप्लाय म्हणजे काय गं, मी म्हटलं गुणाकार, तर म्हणाला ते माहितेय, पण म्हणजे काय? मी इतकी वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं आणि मला पटकन सांगता आलं नाही, मग डिक्शनरी काढून बसले.

लॅटिनमध्ये मुल्तुस म्हणजे पुष्कळ आणि प्लिकारे म्हणजे घडी घालणं, त्यावरून हा शब्द झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे पुष्कळ घड्या! प्लायवूडमधला प्लाय तोच, स्वेटरची फोर प्लाय लोकर तीच, डुप्लिकेट चावी पण त्याच घरातली. मग नातवाला वहीचं पान दिलं, आधी तीन भागात घडी घाल मग ती दुमड, उघडल्यावर सहा चौकोन निघाले आणि तो स्वतःच ओरडला, तीन दुणे सहा!

आणि आपल्याकडे वेगळं काय आहे हो? दुप्पट तिप्पट मधला पट म्हणजे घडीच, बाळाचं दुपटं हे दुहेरी कापडाचं म्हणूनच दुपटं. गुण म्हणजे संस्कृतात दोरीचा पदर, द्विगुण वरून आपलं बे दुणे चार मधलं दुणे आलं. भास्कराचार्यांच्या 1150 च्या लीलावतीत गुण्य आणि गुणक हेच शब्द आहेत, आणि गुणाकाराची फुली तर विल्यम ऑट्रेड या इंग्रज गणितज्ञाने 1631 ला पुस्तकात छापली, म्हणजे कितीतरी नंतर.

आता माझी खरी तळमळ. सहावीतली नात विचारते अर्ध्याने मल्टिप्लाय केलं तर उत्तर कमी कसं होतं, कारण त्या शब्दातच पुष्कळ बसलंय ना. पण मराठीत आपण दीडपट, पाऊणपट सहज म्हणतो, आणि पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे पाठ करणाऱ्या मुलांना उत्तर लहान आलं म्हणून कधी नवल वाटायचं नाही. सेमीच्या वर्गात हे शब्द आता कानावरच पडत नाहीत आणि मुलं दोन्हीकडचा अर्थ गमावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला गणितातला एक शब्द असा उलगडून छापाल का? पुढचा शब्द पाऊणकी घ्या, ती कशी म्हणायची ते मी लिहून पाठवते.

एक निवृत्त शिक्षिका, सातारा