विदेशी खेळाडूंनी जुळवून घ्यायचे, पण कुठे राहून?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात क्रीडा पानावर विदेशी फुटबॉलपटूंविषयी जो लेख आला आहे, त्यातील निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. हे खेळाडू मोसमापुरते येतात, मानधन घेतात, गोव्यातील वातावरणाशी जुळवून घेत नाहीत आणि म्हणून त्यांचा खेळ खालावतो, असे लेखकाने ठामपणे म्हटले आहे. लेखक महाशयांचा फुटबॉलचा व्यासंग मोठा आहे, याबद्दल मला आदरच आहे. परंतु मैदानाबाहेर या मुलांच्या वाट्याला काय येते, याविषयी एवढ्या मोठ्या लेखात एकही ओळ नसावी, याचे वाईट वाटले.

नायजेरियाचा रँटी मार्टिन्स गोव्याच्या धेंपो क्लबकडून अनेक मोसम खेळला आणि 2011-12 च्या आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने 32 गोल केले. क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक यांच्यासारख्या आपल्या मुलांबरोबर त्याचा जो मेळ बसला होता, तो ज्यांनी पाहिला त्यांना जुळवून घेणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागणार नाही. फेरान कोरोमिनास 2017 मध्ये स्पेनहून एफसी गोवा संघात आला तेव्हा चौतिशीत होता; पहिल्या मोसमात 18 आणि दुसऱ्या मोसमात 16 गोल करून दोन्ही वेळा तो इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला. आणि ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर तर 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरमध्ये फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोसाठी खेळतानाच मरण पावला. त्याची दहा क्रमांकाची जर्सी क्लबने निवृत्त केली. 'पैसे घेऊन जातात' हे वाक्य लिहिताना लेखकाला त्याची आठवण व्हायला हवी होती.

आता माझा अनुभव सांगतो. म्हापशात माझी एक सदनिका आहे. काही वर्षांपूर्वी स्थानिक लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लबच्या पदाधिकाऱ्याने आपल्या नायजेरियन खेळाडूसाठी ती भाड्याने मागितली आणि मी आनंदाने होकार दिला. पासपोर्ट, व्हिसा, क्लबचा करार असे सारे कागद त्या मुलाने स्वतः आणून दाखवले. विदेशी नागरिक राहायला आल्यापासून 24 तासांच्या आत घरमालकाने त्याची माहिती सरकारला कळवणारा 'सी फॉर्म' तेव्हा भरायचा असे, त्याचीही मी तयारी करून ठेवली होती. परंतु सोसायटीच्या समितीने आक्षेप घेतला. "खेळाडूला आमचा विरोध नाही, पण त्याला भेटायला कोण कोण येईल हे कोणी सांगावे?" असे मला तोंडावर सांगण्यात आले. त्याच इमारतीत युरोपातील एक वृद्ध दांपत्य दरवर्षी नोव्हेंबर ते मार्च राहत असे आणि त्यांच्याकडे कोण येते-जाते, हा प्रश्न समितीला कधीही पडला नव्हता. मी भांडलो, लेखी पत्र दिले, त्याचे उत्तरही आले नाही. क्लबच्या पदाधिकाऱ्याने मात्र समितीसमोर येण्याची तसदी घेतली नाही. तो मुलगा अखेर कळंगुटच्या बाजूला जास्त भाड्याच्या एका खोलीत गेला आणि पहाटेच्या सरावासाठी मोटारसायकल पायलटच्या (भाड्याच्या दुचाकीवाल्याच्या) मागे बसून म्हापशाला येऊ लागला. पुढे एका सामन्याच्या वृत्तात 'विदेशी आघाडीपटू सुस्त' असे छापून आलेले वाचले, तेव्हा मला अतिशय संताप आला होता.

हे एका सोसायटीपुरते असते तर मी आज पत्र लिहायला बसलो नसतो. 2013 मध्ये पर्रा येथे एका नायजेरियन नागरिकाचा खून झाला, त्यानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि तेव्हा राज्याच्या एका मंत्र्याने या लोकांना कर्करोगाची उपमा दिली होती. मागाहून दिलगिरी व्यक्त झाली खरी. पण घर शोधत फिरणाऱ्या प्रत्येक काळ्या मुलाकडे पाहण्याची आपली नजर तेव्हापासून फारशी निवळलेली नाही, असे मला खेदाने म्हणावे लागते. इथला दमट उकाडा, पावसाने जड झालेली मैदाने, तिखट आमटी-भात यांना ही मुले महिन्याभरात सरावतात. राहायला जागाच नसेल तर त्यांनी कशाशी जुळवून घ्यावे?

माझी मागणी साधी आहे. विदेशी खेळाडूला करारबद्ध करणाऱ्या क्लबने, मग तो कितीही लहान असो, घराचा भाडेकरार स्वतःच्या नावाने करावा आणि पोलीस ठाण्यातील व सोसायटीतील सोपस्कारांसाठी आपला जबाबदार माणूस पाठवावा. खेळाडूची नोंदणी करताना गोवा फुटबॉल संघटनेने निवासाच्या व्यवस्थेचा पुरावा मागावा. मोठे क्लब ही सोय करू शकतात. लहान क्लबचा खेळाडू परक्या मुलखात एकटा पडतो.

याच संदर्भात आणखी एक तक्रार नोंदवतो. मडगावजवळच्या फातोर्डा स्टेडियमवरचे सामने रात्री संपतात आणि त्यानंतर म्हापसा किंवा फोंड्याकडे जायला बस मिळत नाही. स्वतःचे वाहन नसलेल्या प्रेक्षकाने आणि मोठ्या संघांचा खेळ पाहून शिकू इच्छिणाऱ्या लहान क्लबच्या खेळाडूने परत कसे यावे? सामन्याच्या दिवशी तरी राज्याच्या कदंब परिवहन महामंडळाने उशिराच्या फेऱ्या सोडाव्यात.

आपल्या क्रीडा प्रतिनिधीने पुढील लेख लिहिण्यापूर्वी या खेळाडूंच्या भाड्याच्या खोल्यांवर जाऊन त्यांच्याशी बोलावे, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, फोंडा