पुस्तक कपाटात आहे पण यादीत सापडत नाही, शनिवारचे दोन तास द्या

नमस्कार मंडळी,

हे लिहायला गेल्या आठवड्यातच बसले होते, पण आधी वर्गणीच्या पावत्या, मग मागच्या खोलीतली गळती, त्यामुळे आज रात्री घाईत लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या पण शेवटपर्यंत वाचा.

परवा एक मुलगी आली, मराठीत एम.ए. करते, डेक्कनपासून पावसात चालत आलेली. केशवसुतांच्या कवितांची जुनी आवृत्ती हवी होती. कॉम्प्युटरवर केशवसुत टाकलं, काहीच नाही. मीच तिला "नाहीये गं आपल्याकडे" म्हणून परत पाठवलं. आणि संध्याकाळी कपाट आवरताना तेच पुस्तक माझ्या हातात आलं, नोंद "दामले कृ. के." अशी, म्हणजे केशवसुतांच्या खऱ्या नावाने. म्हणजे पुस्तक धडधडीत आहे आणि दारात आलेल्या वाचकाला आपण नाही म्हणालो. फार लागलं मनाला.

आपल्या वाचनालयाला हे शोभत नाही हो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा आपली खालची दोन्ही दालनं पाण्यात होती. तेव्हाच्या मंडळींनी चिखलातून पुस्तकं काढली, पेठेतल्या बायकांनी आपापल्या गच्चीवर एकेक पान सोडवून वाळवली, आणि दाखल रजिस्टरचा लगदा झाला होता तर दोन मास्तरांनी बचावलेल्या पुस्तकांवरचे शिक्के आणि दाखल नंबर बघत नवीन रजिस्टर हाताने लिहून काढलं. ते आजही आहे, लाल कापडी बांधणीचं. पुढे आपल्या ग्रंथपाल काकांनी कार्डं केली, लेखकाचं वेगळं, पुस्तकाच्या नावाचं वेगळं, विषयाचं वेगळं, काळ्या शाईत, मोत्यासारखं अक्षर. कुसुमाग्रजांचं कार्ड काढलं की खाली "शिरवाडकर वि. वा. हेही पहा" असायचंच, आरती प्रभूंच्या कार्डावर खानोलकरांचा पत्ता. त्या कार्डांचं ड्रॉवरवालं कपाट कोपऱ्यावरच्या फर्निचरवाल्या बंधूंनी करून दिलं, सागवानाचे पैसे घेतले, मजुरीचा एक रुपया घेतला नाही. सदाशिव पेठेतल्या वकीलसाहेबांच्या घरच्यांनी त्यांचा अख्खा संग्रह दिला, वर तीन कपाटं. आणि वाड्यातल्या आजी पेन्शनमधून दर वर्षी बांधणीचा खर्च द्यायच्या, कधी नाव लावू दिलं नाही म्हणून इथेही लिहीत नाही.

घोळ झाला तो यादी कॉम्प्युटरवर घेताना. काम बाहेर दिलं होतं, कुणाला दोष देत बसत नाही, पण काकांच्या त्या "पहा" नोंदी कुणी टाइपच केल्या नाहीत. पु.ल.देशपांडे, देशपांडे पु. ल., देशपांडे पुरुषोत्तम लक्ष्मण, कॉम्प्युटरच्या लेखी हे तीन वेगळे लेखक. बरंच टायपिंग जुन्या फॉन्टमधलं, युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटली. 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला सारखा, सर्चला वेगळा. शके १८४५ छापलेल्या पुस्तकाचं साल तसंच १८४५ टाकलंय, ७८ मिळवलेच नाहीत, त्यामुळे १९२३ चं पुस्तक बाळशास्त्री जांभेकर हयात असतानाचं दिसतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेले ओळख नंबर, एक्सेलमधून सेव्ह करताना ९.७८ई+१२ झाले, शेवटचे आकडे गेले ते गेलेच, आता पुस्तक हातात घेऊनच परत भरायचे.

एक मात्र आत्ताच सांगते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत "कांहीं", "नांव" असं अनुस्वारांसकट छापलंय, ते कृपा करून सुधारू नका. आतल्या शीर्षकाच्या पानावर आहे तसंच ठेवायचं आणि आजचं लेखन पर्यायी शीर्षक म्हणून जोडायचं, म्हणजे दोन्हीकडून सापडतं.

गेल्या वर्षी हेच आवाहन केलं होतं. ग्रुपवर अंगठे भरपूर आले, प्रत्यक्ष आले चौघं, त्यातले दोघं सत्तरीपुढचे. ज्या पुण्यात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे तिथे वाचनसंस्कृतीवर बोलायला आपण सगळे तयार, पण नोंदी तपासायला बसायचं म्हटलं की कुणी फिरकत नाही. लिहायला नको होतं, पण वाईट वाटलं हे खरं.

आणि आता थांबायला वेळ नाहीये. काका ८४ वर्षांचे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी म्हणतात मला आणून बसवा, मी सांगतो. पुसट झालेल्या कार्डावर काय होतं हे फक्त त्यांनाच आठवतं.

सॉफ्टवेअरचा खर्च नाही, कोहा घेतलंय, न्यूझीलंडच्या एका वाचनालयासाठी १९९९ मध्ये तयार करायला घेतलेलं, आता कुणालाही फुकट. त्यात लेखकाचं एक नाव प्रमाण धरून बाकीची नावं त्याला जोडता येतात, काका कार्डावर करायचे तेच. पण आपला कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, तो बदलायचाय, शिवाय बारकोडची लेबलं आणि स्कॅनर, मिळून ४०,००० रुपये लागतील.

तर: दर शनिवारी संध्याकाळी ५ ते ७, वरचा हॉल, लॅपटॉप असेल तर आणा, नसेल तरी या, मोठ्याने वाचून दाखवणारा माणूसही लागतो. शिकवायला आम्ही आहोत. एका घराने एक कपाट घ्यावं आणि पुढेही सांभाळावं, नवीन पुस्तक आलं की नोंद एकाने करायची, दुसऱ्याने तपासायची, नाहीतर दोन वर्षांत परत तेच. देणगी चेकने किंवा रोख, देवघेवीच्या काउंटरवर, पावती लगेच, सोमवारी बंद. मुलांनाही पाठवा, दहावीची सोडून. चहा आहे. कार्डांवरची शाई फिकी झालीय, वाचायचा चष्मा आठवणीने आणा.

आपली,
कार्यवाह